निसर्ग वादळानंतर बसवलेलं छप्पर: दुकान, माल आणि फिटिंग

दुकानाला पाचपैकी चार तारे देतेय. एक कापला तो छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळींसाठी आणि गाडी उशिरा पाठवायच्या जुन्या खोडीसाठी, त्याबद्दल खाली येईलच. पत्र्याला साडेतीन. फिटिंग करणाऱ्या चाचांना मात्र पाचच्या पाच, आणि वर वाडीतला एक नारळ.

आधी कुठून लिहितेय ते सांगते, कारण छपराबद्दलचं मत गाव कळल्याशिवाय काही कामाचं नाही. पुण्यात गच्चीवर शेड टाकणाऱ्याला जे पुरतं ते आम्हाला पुरेलच असं नाही. आमचं घर दिवेआगरला, तालुका श्रीवर्धन. समुद्र चालत पाच मिनिटांवर. मध्ये सुपारी-नारळाची वाडी, तिच्या पलीकडे सुरूचं बन. पुढे सासऱ्यांच्या वेळचं चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं, कौलारू घर, मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या आणि कडेला सुपारी ठेवायची शेड. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा. इथे लोखंडाला रजा नाही.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावरून आत शिरलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२०पर्यंत, असं हवामान खात्याने नोंदवलंय. त्या दुपारचं वर्णन इथल्या कुणालाही विचारा, तासभर ऐकवतील. मी फक्त छपराचं सांगते, कारण पुढची सगळी खरेदी त्याच्यावरून ठरली.

आम्ही सगळे कौलारू घराच्या माजघरात होतो. वाऱ्याकडच्या बाजूची कौलं सुटायला लागली, आढ्यावरची तर ओळीने गेली. पण वासे, रिपा, आढं जागच्या जागी राहिलं. मागच्या खोल्यांचं तसं झालं नाही. शेवटच्या खोलीचं दार आधी आत फुटलं आणि दोन-चार मिनिटांत अख्खं छप्पर, पत्रे, खालचे लोखंडी पाइप आणि त्यांना टांगलेले पंखे, सगळं एकजात उचललं गेलं. पडलं ते शेजारच्या दिरांच्या वाडीत. त्यांच्या सुपाऱ्या तशाही आडव्या होत होत्या, त्यांवर आमचं छप्पर.

वारा उतरल्यावर जाऊन बघितलं तर पत्रे जवळजवळ धड होते. स्क्रू पत्र्यात, पत्रा पाइपात. सुटलं काय, तर पाइपाचे पाय भिंतीतून. चिऱ्याच्या भिंतीच्या डोक्यावर खाचा पाडून, त्यात पाइप बसवून, वरून सिमेंट थापलेलं. बस्स. एवढ्याच भरवशावर आम्ही वर्षानुवर्षं पाहुणे झोपवले. सुपारीच्या शेडची गत उलटी. तिथे पाइप उभे, स्क्रूही उभे, वॉशरसकट. पत्रा तेवढा स्क्रूभोवती फाटून निघून गेलेला. प्रत्येक भोक करंगळी जाईल एवढं मोठं.

एकाच आवारात एकाच वाऱ्याने दोन छपरं दोन वेगळ्या कारणांनी नेली. त्याचा अर्थ मला नंतर कळला, आणि तो समजावला याच दुकानाच्या शेठनी.

वादळानंतरचे दिवस कुणी विसरलं नसेल. आधीच टाळेबंदी. त्यात रस्ते झाडांनी बंद, वीज नाही, फोन नाही. कित्येक गावांत वीज यायला आठवडे गेले. जनरेटरवाला यायचा, लोक पैसे देऊन मोबाइल चार्ज करायचे आणि मग रेंज शोधत टेकडीवर जायचे. आणि वर पावसाळा तोंडावर. कौलं नसलेल्या घरात पहिला पाऊस म्हणजे काय, ते धान्याच्या कणग्या हलवणाऱ्यांनाच माहीत. अशा वेळी बाहेरून टेम्पो यायला लागले. टेम्पोत पत्रे, रस्त्यावर उभं राहून विक्री, भाव तोंडाला येईल तो. आमच्या आळीतही एक उभा राहिला. पत्रा हातात धरून हलवला तर लाटेसारखा डुलायचा. लोकांनी घेतला. घेणारच, घरात म्हातारी माणसं भिजत होती. त्यांना कोण काय बोलणार.

हे दुकान तालुक्यातलं जुनं हार्डवेअरचं. पत्रे, पाइप, सिमेंट, मासेमारीचे दोर, सगळं मिळतं. आम्ही गेलो तेव्हा दाराबाहेर रांग आणि गल्ल्यावर एक वही. शेठनी पहिल्यांदा विचारलं, "वहिनी, भिंती उभ्या आहेत ना?" आहेत म्हटल्यावर ते पत्रे दाखवायलाच तयार होईनात. "आत्ता ताडपत्री न्या, नायलॉनची दोरी न्या. घाईत पत्रा टाकलात तर पुढच्या वादळात परत माझ्याकडेच याल." ताडपत्री घरटी ठरलेली, छापील भावात, नाव वहीत लिहून. माझ्या मागच्या गृहस्थांनी दुप्पट पैसे देतो म्हणून जास्तीची मागितली, त्यांना सरळ नाही म्हणाले. त्या दिवसांत हे मी आणखी कुठे पाहिलं नाही. चारातला एक तारा नुसता त्याचा.

पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि दिवाळीनंतर छपराचं काम धरलं. तोवर पैशाचीही जुळवाजुळव करायची होती. बागांना सरकारने हेक्टरी ५० हजार जाहीर केले होते, पण आमच्याकडे हेक्टरात वाडी आहे कुणाची? कुणाची वीस गुंठे, कुणाची आठ. गुंठ्याला पाचशे रुपये होतात. पडलेल्या सुपारीच्या जागी लावलेलं रोप उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं. तेव्हा एका बाजूला वाडी साफ करायचा खर्च आणि दुसरीकडे छप्पर, अशी परिस्थिती. म्हणूनच कुठे पैसा घालावा आणि कुठे हात आखडावा, हे नीट विचारून घेतलं.

दुकानात मला सगळ्यात आवडलेली वस्तू विक्रीला नाही. गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेला मायक्रोमीटर. कुणीही पत्रा घ्यायच्या आधी त्याची जाडी स्वतः मोजून बघू शकतं. शेठ स्वतःच सांगतात की बाजारात ०.५० मिलिमीटर म्हणून विकतात त्यात रंगाची आणि मुलाम्याची जाडी धरलेली असते, आतलं पोलाद त्याहून कमी. "कागदावर काय लिहिलंय ते बघू नका, रंग धरून की रंग सोडून ते विचारा." आम्ही घेतला तो ०.५०चा, निळा रंगीत, खाली ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा. रनिंग फुटाला १४०च्या आसपास पडला. त्याच्याहून स्वस्त ०.३५चाही होता. तो त्यांनी दाखवला, पण म्हणाले की गोठ्याला ठीक, माणसांच्या डोक्यावर नको. सुपारीच्या शेडचा पत्रा स्क्रूभोवती का फाटला, त्याचं उत्तर तिथेच मिळालं: पत्रा पातळ, वॉशर छोटा आणि दोन स्क्रूंमधलं अंतर हातभर.

मग स्क्रू. मी समजत होते की स्क्रू म्हणजे मूठभर, बिलाच्या शेवटी लिहायची गोष्ट. शेठनी अर्धा तास त्यावरच घालवला. समोर तीन वाट्या ठेवल्या. एकीत दोन-अडीच रुपयांचा चकचकीत पिवळसर स्क्रू, दुसरीत मधला, तिसरीत सहा-सात रुपयांचा, जस्ताचा जाड मुलामा आणि खाली रुंद वॉशर, त्याला जाड काळं रबर. "पत्रा वीस वर्षांचा आणि स्क्रू तीन वर्षांचा लावला, तर छप्पर किती वर्षांचं?" मी म्हटलं, मग स्टेनलेस स्टीलचेच द्या की, एकदाच काय तो खर्च. त्यालाही ते नाही म्हणाले. या मुलाम्याच्या पत्र्याला स्टेनलेस लावला की खाऱ्या ओलाव्यात स्क्रूभोवतीचा पत्रा आधी खाल्ला जातो. महाग वस्तू विकायची संधी आलेली असताना दुकानदार नको म्हणतो, तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर त्याने कागदावर मांडून पाठवलं, आणि ते मी अजून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलंय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण ६८ किलोची ओढ येते. आमची एक खोली बारा बाय चौदा फुटांची. तिच्या छपरावर त्या हिशोबाने टनभर ओढ, तीही वरच्या दिशेने, कारण वारा छपरावरून जाताना ते खाली दाबत नाही, वर खेचतो. कडांना आणि आढ्याजवळ त्याहून जास्त. आणि त्या अख्ख्या पत्र्याचं वजन किती? सत्तर-पंच्याहत्तर किलो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने बसत नसतो, तो खाली धरून ठेवावा लागतो. त्यात वाऱ्याकडचं दार फुटलं की आतूनही हवा छपराला ढकलते. आमच्या शेवटच्या खोलीचं नेमकं तेच झालं.

कौलारू घर का टिकलं, तेही त्याच कागदावर आहे. कौलांचं वजन पत्र्याच्या आठपट, शिवाय कौलांच्या फटींतून हवा निसटते, आत कोंडत नाही. आणि चौपाखी छपराला वाऱ्यासमोर उभी त्रिकोणी भिंत नसते. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा, तुझ्या सासऱ्यांना विचारलं असतंस." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण मुद्दा बरोबर होता.

आता चाचा. शेठ फिटिंग करत नाहीत, माणूस सुचवतात. चाचा बोर्लीकडचे, साठीच्या पुढचे, आयुष्य बोटींच्या आणि छपरांच्या वेल्डिंगमध्ये गेलेलं. आले, भिंतीवर चढले, आधीच्या पाइपांच्या खाचा बघितल्या आणि खाली उतरून म्हणाले, "पत्र्याचं नंतर बोलू. आधी भिंतीला डोकं द्या." म्हणजे चिऱ्याच्या भिंतींवरून चारी बाजूंनी सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओतायचा आणि तो ओला असतानाच त्यात बोल्ट सोडायचे, वाकडं टोक आत सळीत अडकवून. पाइपाच्या पायाला जाड लोखंडी प्लेट, प्लेट त्या बोल्टांवर, वरून दुहेरी नट. हे काम बाहेरून कुणाला दिसत नाही. पाहुणे खोली बघायला येतात तेव्हा निळा पत्रा दिसतो, पट्टा कुणी विचारत नाही. खर्च मात्र त्या पट्ट्याचा टोचतो. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं की खरंच गरज आहे का. चाचा काही बोलले नाहीत, नुसते दिरांच्या वाडीकडे बोट दाखवून चहा प्यायला बसले.

चाचांचं काम उभं राहून बघण्यासारखं. त्यांच्या काही गोष्टी लिहून ठेवते, कुणाला फिटिंग करून घ्यायचं असेल तर माणसाला विचारता येतील.

पत्रा ते ग्राइंडरने कापत नाहीत, कातरीने कापतात. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगाला जाळतात आणि कापलेली कड आधी गंजते. भोकं पाडताना पडलेला लोखंडाचा कीस संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढतात, रोजच्या रोज. तो रात्रभर दवात राहिला की पत्र्यावर चहाचे डाग पडल्यासारखे तांबूस ठिपके उठतात आणि लोक दुकानदाराला शिव्या देतात.

पत्रे लावायला सुरुवात ते वाऱ्याच्या उलट्या टोकापासून करतात. आमचा पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे एकावर एक येणारी कड त्याच्याकडे पाठ करून बसते. स्क्रू खोलगटात मारत नाहीत, उंचवट्यावर मारतात, नाहीतर आमच्या पावसात प्रत्येक स्क्रूखालून पाणी. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक. पण पागोळीच्या ओळीला, आढ्याच्या ओळीला आणि दोन्ही कडांना एकही उंचवटा सोडायचा नाही. कडांजवळ खालच्या पाइपांमधलं अंतरही चारऐवजी तीन फूट. त्यासाठी स्क्रू जवळजवळ दीडपट लागले. सहा-सात रुपयांचा स्क्रू दीडपट म्हटल्यावर मी हिशोब केला. स्क्रू, बोल्ट, प्लेटा सगळं धरून एकूण बिलाच्या दहा टक्केही होत नव्हतं. काँक्रीटचा पट्टा वेगळा. रंग गडद की फिका, नक्षी कुठली, यावर आम्ही घरात जेवढं भांडलो त्याच्या पावपट वेळ या दहा टक्क्यांना दिला तरी पुष्कळ.

स्क्रू किती आवळायचा, यावर त्यांच्या हाताखालच्या पोराला मी बोलणी खाताना ऐकलं. रबर वॉशरच्या कडेने किंचित बाहेर डोकावलं की थांबायचं. चेपून सपाट केलं तर उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकतं आणि गळती सुरू. सैल ठेवलं तर पहिल्याच पावसात. मशीन पोराच्या हातात असलं तरी शेवटचा वेढा ते हाताने देतात.

आणि पडवी. पाहुण्यांना बसायला पडवी हवीच, पण वारा पहिला शिरतो तो पडवीखाली. पूर्वी आमचा एकच लांब पत्रा खोलीवरून पडवीवर उतरायचा. पडवी उचलली की ती खोलीचं छप्परही सोबत नेणार. चाचांनी पडवीचं छप्पर हातभर खाली आणि पूर्ण वेगळं केलं, वेगळ्या पाइपांवर. म्हणाले, "वादळाला काहीतरी द्यायला लागलंच तर पडवी द्या." दिसायला ते थोडं ठिगळ दिसतं. एका पाहुण्यांनी विचारलंही की पैसे कमी पडले का.

परीक्षा लवकरच झाली. १६-१७ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या समोरून समुद्रातून गुजरातकडे गेलं. निसर्गाएवढा तडाखा आम्हाला बसला नाही, ते खोल समुद्रातून गेलं, त्यामुळे छपराने पराक्रम गाजवला वगैरे म्हणणार नाही. पण वारा रात्रभर होता, सुरूची उरलीसुरली झाडंही मोडली, आणि सकाळी मी खोल्यांत शिरले तर जमीन कोरडी. एका कडेची आढ्यावरची टोपी किंचित हलली होती. चाचांना कळवलं, येऊन दोन स्क्रू वाढवून गेले. पैसे घेतले नाहीत, आंबे घेतले.

त्यानंतरचे पावसाळे गेले, आता मालाबद्दल बोलायला हरकत नाही. निळा रंग समुद्राकडच्या उतारावर फिका पडलाय, दुसऱ्या उतारावर नव्यासारखा. गंज मुख्य पत्र्यावर कुठेही नाही. फक्त पागोळीच्या दोन ठिकाणी आहे, जिथे गवंड्याने नंतर भिंतीचं सिमेंट उडवलं आणि पुसलं नाही. ओलं सिमेंट या मुलाम्याला खातं, हे चाचांनी सांगितलं होतं, गवंड्याने मान डोलावली होती. स्क्रूंची डोकी अजून साबूत. पावसाळ्यानंतर एकदा गोड्या पाण्याने पागोळीखालचा भाग धुतो, कारण उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, वळचणीला साठलेलं तसंच राहतं.

साडेतीनच का, तर दोन कारणं. एक, आवाज. जुलैच्या रात्री सर कोसळते तेव्हा खोलीत शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. हौशी पाहुणे खूश होतात, लहान मुलं रडतात. कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस यांत फार फरक आहे. दोन, उकाडा. एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली भट्टी. पत्र्याखाली आतून पीव्हीसीचं खोटं छत (फॉल्स सीलिंग) मारल्यावर दोन्ही त्रास निम्म्यावर आले, पण तो खर्च पत्रा घेताना कुणी बोलत नाही. शेठही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

तिसरी तक्रार दुकानाची नाही, पत्रा बनवणाऱ्यांची. सोबत मिळालेलं वॉरंटीचं छापील कार्ड देखणं आहे, बरीच वर्षं लिहिलीयत. खालची बारीक अक्षरं भाच्याने वाचली. समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतल्या बांधकामांना ती लागूच नाही. एकट्या याच पत्र्याचं असं नाही, अशा पत्र्यांच्या वॉरंटीत बहुतेक वेळा हे कलम असतं. म्हणजे जिथे गंज लागणार तिथे हमी नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने ते कार्ड बघून एक पैसाही जास्त देऊ नये. शेठना विचारलं तर हसून म्हणाले, "म्हणून तर मी ते कार्ड बिलाच्या खाली ठेवतो."

आता कापलेला तारा. पन्हळी त्यांच्याकडून घेऊ नका. आमच्या पन्हळींचं माप लहान निघालं. साध्या पावसात ठीक, पण आमच्याकडच्या सरीत पाणी वरून ओसंडून थेट पायथ्याशी. शेठनी मान्य केलं आणि मोठं माप मागवून देतो म्हणाले. पावसाळा संपला तरी आलं नाही, शेवटी चाचांनीच जाड पाइप उभा चिरून पन्हळ करून दिली, ती अजून चालू आहे. आणि गाडी. "उद्या सकाळी पाठवतो" याचा अर्थ या दुकानात परवा दुपारी. मजूर बोलावून बसवले असतील तर त्यांची मजुरी आपल्या माथी. आदल्या संध्याकाळी माल गाडीत चढलाय का, ते स्वतः फोन करून विचारावं.

कौलारू घराबद्दल खूपजण विचारतात की तुम्ही तेही पत्र्याचं का नाही केलं. आळीतल्या निम्म्या घरांची कौलं वादळानंतर गेली आणि पत्रे आले. मला त्यांचं पटतं. माकडं वर्षभर कौलं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर आठवडाभर थांबवतो. आम्ही कौलं ठेवली, कारण लाकूड चांगलं होतं आणि सासूबाई हयात आहेत. पण शेठनी त्यातही एक सुचवलं ते केलं. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या दोन-दोन ओळींतलं प्रत्येक कौल तारेने रिपेला बांधून घेतलं. पाठीमागे तारेसाठी भोक असलेली मंगलोरी कौलं मिळतात, मागून घ्यावी लागतात. तौक्तेच्या वेळी बांधलेली कौलं हलली नाहीत, मधली सात-आठ सरकली.

जाणार असाल तर मार्चमध्ये जा. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. खोलीचं माप, भिंत चिऱ्याची की विटेची, आणि समुद्र किती लांब, हे सांगा, मायक्रोमीटर मागा, आणि चाचांचा नंबर गल्ल्यावरच लिहून घ्या. मे लागला की ते फोन उचलत नाहीत, छपरावर असतात.